पोरांच्या हातातला मोबाईल

मंडळी, मागच्या महिन्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एक प्रश्न निघाला. फळ्यावर जोडाक्षरे चालली होती. मागून एक शेतकरी उठले आणि म्हणाले, "गुरुजी, ती जोडाक्षरं राहू द्या जरा. माझं पोरगं दहावीला आहे. रात्री गोधडीत तोंड घालून मोबाईल बघतं. गोधडीतनं उजेड दिसतो. मी तो मोबाईल विहिरीत टाकू का?"

सगळा वर्ग हसला. हसून झाल्यावर मात्र कोणी बोलेना. कारण घरोघरी तोच उजेड आहे. मग एक बाई म्हणाल्या, "विहिरीत टाकू नका हो दादा. आमच्या लेकीला बारावीचं गणित त्याच मोबाईलनं शिकवलं. शिकवणीला पैसे कुठं होते?"

दोघांचे म्हणणे खरे होते. त्या रात्री जोडाक्षरे तशीच राहिली आणि आम्ही दहा वाजेपर्यंत बोलत बसलो. ते बोलणे, आणि नंतर मी जे वाचले आणि विचारून घेतले, ते इथे लिहितो. मी जुना मॅट्रिक. हा मोबाईल माझ्या हातात आला तो केस पांढरे झाल्यावर. माझे कुठे चुकले तर घरातल्या पोरांना विचारा. त्यांना ठाऊक असते.

आधी हे आहे तरी काय, ते पाहू. 'सोशल मीडिया' हा शब्द मोठा वाटतो, पण अर्थ सोपा आहे. गावात पार असतो. पारावर माणसे बसतात, बोलतात, बातमी सांगतात, थट्टा करतात, भांडतात. तसाच पार मोबाईलमध्ये केला आहे. त्यावर कोणीही बसावे, काहीही सांगावे, फोटो दाखवावा, दुसऱ्याचा पाहावा. फेसबुक २००४ साली निघाले. यूट्यूब २००५ साली, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१० साली. चारही अमेरिकेत निघाली. पुढे फेसबुकच्या कंपनीने २०१२ साली इन्स्टाग्राम विकत घेतले आणि २०१४ साली व्हॉट्सॲप. त्या कंपनीचे नाव आता मेटा आहे. यूट्यूब २००६ सालीच गूगलने घेतले. म्हणजे घरात पार चार दिसतात, पण मालक दोनच.

आपल्या खेड्यांत हे सारे पोचले ते २०१६ नंतर, नेट स्वस्त झाले तेव्हा. मध्यंतरी टिकटॉक नावाचे चिनी कंपनीचे माध्यम फार गाजले. आपल्या सरकारने २०२० च्या जूनमध्ये त्यावर बंदी घातली. पोरांचे काही अडले नाही. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने तशाच छोट्या चित्रफिती आणल्या. त्यांना 'रील' म्हणतात.

गावच्या पारात आणि या पारात फरक आहे. गावच्या पारावर समोरचा माणूस कोणाचा कोण ते आपल्याला ठाऊक असते. इथे नाव मुलीचे, फोटो मुलीचा, आणि पलीकडे चाळिशीचा बाप्या असू शकतो. पारावरचे बोलणे वाऱ्यावर जाते. इथले लिहिलेले, दाखवलेले राहते. आपण पुसले तरी दुसऱ्याने त्याची नक्कल काढून ठेवलेली असते. आणि पारावरची माणसे दिवेलागणीला उठून घरी जातात. या पारावरून कोणी उठत नाही.

कोणी उठत नाही, याला कारण आहे. ते नीट समजून घेतले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे फुकट कसे? व्हॉट्सॲपला कोणी पैसे मागत नाही, रीलचे तिकीट नसते. बाजारात एखादा दुकानदार फुकट चहा पाजतो. कशासाठी? तुम्ही थांबावे, चार लुगडी बघावीत म्हणून. या कंपन्यांचे तसेच आहे. मेटा कंपनीचे जवळजवळ सगळे उत्पन्न जाहिरातींचे. पोरगे जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती दिसतील, तितका गल्ला भरेल. मग त्याने थांबावे म्हणून काय करतात? ते कशावर किती थांबले, काय दोनदा बघितले, काय बोटाने सरकवून दिले, याची नोंद यंत्र ठेवते. कुस्तीवर थांबले तर आणखी कुस्ती. रडक्या गाण्यावर थांबले तर आणखी रडकी गाणी. दुकानातला चलाख नोकर गिऱ्हाइकाचे डोळे बघून माल काढतो ना, तसा हा नोकर आहे. फक्त हा झोपत नाही आणि कंटाळत नाही.

आणखी एक युक्ती आहे. पोथीला अध्याय असतो. अध्याय संपला की माणूस पोथी बांधतो. कीर्तनाला शेवटी आरती असते. पूर्वी मोबाईलच्या पानालाही शेवट असायचा, पुढचे बघायचे तर बटण दाबावे लागे. २००६ साली एझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने पान संपूच नये अशी रचना काढली. बोट सरकवत जा, खालून नवे येत जाते. लोकांचा त्रास वाचावा म्हणून त्याने ते केले होते. पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितले की मला या कामाचा पस्तावा होतो. तर रीलला आरतीच नसते, मंडळी. मग पोरगे उठणार कधी?

यावर कोणी म्हणेल, मोठ्या माणसांना तरी कुठे उठता येते? खरे आहे. चहाच्या टपरीवर जाऊन बघा. मी स्वतः रोज सकाळी पस्तीस माणसांना फुलाचे चित्र आणि 'सुप्रभात' पाठवतो, आणि कोणी उलट पाठवले नाही तर दुपारपर्यंत मला चुकल्यासारखे वाटते. नात हसते मला. पण पोरांचे आणखी वेगळे आहे. वयात येणाऱ्या पोराच्या मेंदूत हौस, राग, मैत्रीची ओढ हे आधी जोरात येते. स्वतःला आवरण्याचा, पुढचा विचार करण्याचा जो भाग असतो तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते, असे डॉक्टर सांगतात. खोंडाच्या अंगात ताकद येते, पण ते अजून औताला शिकलेले नसते. तसेच हे. म्हणून पोरगे 'पाच मिनिटं' म्हणून बसते आणि दोन तास जातात, तेव्हा ते प्रत्येक वेळी खोटेच बोलत असते असे समजू नका.

आता फायदा. पहिल्याने फायदा सांगतो, कारण तो खोटा नाही.

आमच्या भागातून दर दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या ऊस तोडायला जातात. आई-बाप कारखान्यावर, पोरे वसतिगृहात नाही तर आजीजवळ. पूर्वी पाच-सहा महिने पोराला आईचे तोंड दिसत नसे. कोणी येणारा-जाणारा निरोप आणायचा तेवढाच. आता रात्री फडातून आल्यावर आई कोपीच्या दाराशी बसून व्हिडिओ कॉल लावते. पोरगी तिला वही दाखवते. आई म्हणते, "जवळ धर, अजून जवळ." मी हे पाहिले आहे. तो मोबाईल विहिरीत टाका असे त्या पोरीला सांगायला माझी जीभ उचलणार नाही.

२०२० साली कोरोना आला आणि शाळा बंद झाल्या. गुरुजी व्हॉट्सॲपवर धडे पाठवू लागले. ज्या घरात मोबाईल होता त्या पोराचे थोडे तरी चालले. ज्या घरात नव्हता त्याचे वर्ष मातीत गेले. एका घरात एक मोबाईल आणि तीन पोरे, असेही होते. मग मोबाईल मुलाला आणि मुलीच्या हातात केरसुणी, हे मी किती घरांत पाहिले ते विचारू नका.

अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला तेव्हा अहमदनगर म्हणत, सारोळा कासार नावाचे गाव आहे. तिथल्या सुमन धामणे या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचा नातू तेव्हा कॉलेजात जाणारा पोरगा. आजीच्या हातची चव त्याला भारी वाटायची. त्याने आजी स्वयंपाक करताना चित्रण केले आणि यूट्यूबवर टाकले. नाव दिले 'आपली आजी'. कारल्याची भाजी कशी करावी हे आजीने आपल्या साध्या बोलीत सांगितले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. आजीला आधी कॅमेऱ्यासमोर बोलायची भीती वाटे. पुढे जमले. मध्येच कोणा चोराने ते यूट्यूबचे खातेच पळवले. नातवाने खटपट करून परत मिळवले. बघा, आजीकडे चव होती आणि नातवाकडे ही नवी विद्या होती. एकट्या आजीने किंवा एकट्या नातवाने झाले नसते.

पोरे यावरून पोलीस भरतीची तयारी करतात. तबला शिकतात. ज्याच्या गावात त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही, ज्याला ऐकू येत नाही किंवा जो बोलताना अडखळतो, त्याला लांबच्या गावचा आपल्यासारखा सोबती भेटतो. एकट्या पोराला याचा किती आधार होतो, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

आता धोक्याकडे येतो.

झोपेचे आधी. तेरा ते अठरा वर्षांच्या पोराला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे डॉक्टर सांगतात. गोधडीतले पोरगे एक वाजता झोपते आणि सहाला उठते. मग वर्गात पेंगते. मी चाळीस वर्षांपूर्वी पेंगणाऱ्या पोराला विचारायचो, "रात्री पाण्याची पाळी होती का रे?" आता ते विचारावे लागत नाही.

दुसरे, रूपाचे. मोबाईलमध्ये चेहरा गोरा करता येतो, नाक सरळ करता येते, कंबर बारीक करता येते. पोरगी असे शंभर चेहरे बघते आणि मग आरशात स्वतःला बघते. २०२१ साली मेटा कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन या बाईंनी कंपनीची आतली कागदपत्रे बाहेर आणली. त्यांत कंपनीनेच केलेली पाहणी होती. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे शंभरातल्या ३२ मुलींनी सांगितले होते. कंपनीचे म्हणणे पडले की कागदांचा अर्थ चुकीचा लावला, पुष्कळ मुलांना आमच्यामुळे बरेही वाटते. तेही असेल. पण ते कागद लोकांना आधी दाखवले नव्हते, एवढे खरे. अमेरिकेच्या सरकारी मुख्य वैद्याने २०२३ साली पत्रक काढून सांगितले की रोज तीन तासांहून जास्त वेळ यात घालवणाऱ्या मुलांत उदासीचा आणि काळजीचा धोका दुप्पट दिसतो. मोबाईलने उदासी येते की उदास पोरगे मोबाईलकडे वळते, यावर शहाण्या लोकांचे अजून एकमत नाही. मला विचाराल तर दोन्ही होत असावे.

तिसरे म्हणजे खोटी बातमी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाची वस्ती आहे. १ जुलै २०१८ ला तिथे बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, असे खोटे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होते. लोकांना वाटले, हेच ते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. ती पोरे पळवणारी माणसे नव्हती. त्यांची बायका-पोरे सोलापूरकडे वाट बघत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे ढकलता येऊ नये अशी सोय केली. पण पाच ठिकाणी तरी ढकलता येतोच. हा निरोप पुढे पाठवणारी माणसे दुष्ट नव्हती. आपले पोर सांभाळा, असेच त्यांना सांगायचे होते.

चौथे आहे फसवणुकीचे आणि धमकीचे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. कारण यात माझ्या हातून एक चूक झाली आहे.

मी मुख्याध्यापक असतानाची गोष्ट. नववीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे. स्नेहसंमेलनात तिने नाच केला. तिच्या आत्याने कौतुकाने तो फोटो आपल्या स्टेटसला ठेवला. तो कोणीतरी उचलला, मुलीच्या नावाने खोटे खाते उघडले आणि त्यावरून गावातल्या पोरांना घाणेरडा मजकूर पाठवायला सुरुवात केली. दोन दिवसांत गावभर झाले. तिचे वडील माझ्याकडे आले. खाली मान घालून बसले. मी म्हणालो, "चार दिवस पोरीला घरी ठेवा. बोभाटा कमी होऊ द्या."

मला वाटले, मी शहाणपणाचे बोललो. चार दिवसांचे चार महिने झाले. मग तिचा मामा दाखला न्यायला आला. मी सही करून दाखला दिला. पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. अठरा वर्षे पुरी नव्हती. म्हणजे तोही गुन्हाच झाला, आणि मी अक्षता टाकायला गेलो नाही एवढेच माझे शौर्य. ते खाते तिच्याच वर्गातल्या मुलाने उघडले होते, हे पुढे कळले. तो पास झाला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर माझीच सही आहे.

आणि ऐका. त्या मुलीकडे मोबाईल नव्हता. कधीच नव्हता. म्हणून मोबाईल काढून घेतला की पोरगी सुरक्षित झाली, असे मला आता वाटत नाही. शाळा मात्र तिची गेली.

मी निवृत्त झाल्यावर दुसरी एक आई माझ्याकडे आली. तिच्या मुलीशी कोणी 'मैत्रीण' म्हणून ओळख वाढवली, गोड बोलून एक फोटो मागवला, आणि मग पलीकडून पुरुष निघाला. "आणखी फोटो पाठव, नाही तर हा सगळ्यांना दाखवतो." पोरगी चार दिवस जेवली नव्हती. या वेळी मी आधी त्या पोरीला म्हणालो, "बाळ, तू शाळा सोडायची नाहीस. उद्या दहा वाजता वर्गात बस." मग पुढचे.

पुढचे काय ते नीट लक्षात ठेवा. असे झाले तर पोराला मारू नका, रागावू नका. राग आला तरी गिळा. पोरे धमकी देणाऱ्याला जितकी भितात त्याहून जास्त बापाला भितात, आणि धमकी देणारा याच भीतीवर जगतो. त्याला एक पैसाही देऊ नका. एकदा दिला की तो पुन्हा मागतो. त्याचे निरोप पुसू नका. लाज वाटते म्हणून पोरे ते पुसतात आणि पुरावा जातो. पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. कसा काढायचा ते पोरांना येते. मग त्याला ब्लॉक करा, म्हणजे त्याला दार बंद करा. सरकारची सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या नावाची जागा आहे, तिथे तक्रार लिहिता येते. मुलांच्या आणि बायकांच्या बाबतीतल्या अशा काही तक्रारी तिथे आपले नाव न सांगताही नोंदवता येतात. पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवण्याची आशा जास्त. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. पोराचे मन फार खचले असेल तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जीव धोक्यात असेल तर ११२.

आम्ही जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. ते खाते बंद पडले. ती मुलगी आता नर्सिंगला आहे.

हे फक्त पोरींवर येते असेही समजू नका. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, पोरगे उचलते, पलीकडे नको ते चित्र असते, आणि त्यात या पोराचा चेहरा टिपून ठेवतात. मग पैसे मागतात. पोरे बापाच्या खिशातून, दुधाच्या पगारातून पैसे काढून देतात. तेव्हा पोरांशीही हे बोला. आणि पोरांना कायदाही सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलाचे किंवा मुलीचे अश्लील चित्र नुसते पुढे पाठवले तरी गुन्हा आहे. पहिल्या वेळेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'मी काढलं नाही, मी फक्त पाठवलं,' हे तिथे चालत नाही.

वयाचे म्हणाल तर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांचा स्वतःचाच नियम तेरा वर्षांचा आहे. पण जन्मसाल पोरानेच लिहायचे असते. आमच्या गावातल्या सहावीच्या पोरांनी तिथे लिहिलेली जन्मसाले बघितली तर ती माझ्या बरोबरीची निघतील. इन्स्टाग्रामने २०२४ पासून पोरांसाठी वेगळी खाती सुरू केली, आपल्याकडे ती २०२५ साली आली. त्यात अनोळखी माणसाला निरोप पाठवता येत नाही आणि खाते बाहेरच्याला दिसत नाही. पण साल खरे लिहिले असेल तरच याचा उपयोग. म्हणून खाते उघडताना जवळ बसा आणि खरे साल लिहायला लावा. ऑस्ट्रेलिया देशाने तर कायदाच केला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना या बड्या माध्यमांवर खाते ठेवता येत नाही. शिक्षा पोराला नाही आणि आई-बापाला नाही, दंड कंपनीला. हे मला आवडले. आपल्याकडे २०२३ साली कायदा झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीने आई-बापाची संमती घ्यावी, असे त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. कायदा आपल्या कामाने चालेल. तोवर घर आपल्यालाच सांभाळायचे आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनानंतर तिथली पोरे मोबाईल सोडीनात, अभ्यास करीनात. २०२२ साली गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की घरातले मोबाईल आणि टी.व्ही. बंद. पुन्हा साडेआठला चालू. त्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. बायकांनी ही गोष्ट आधी उचलून धरली. पुरुष हसले. मग अंगणवाडीच्या बाई, ग्रामपंचायतीचे लोक, निवृत्त गुरुजी घरोघरी जाऊन सांगू लागले. हळूहळू गावाला सवय लागली.

यात मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की भोंगा एकट्या पोरासाठी वाजत नाही. बापाचाही मोबाईल बंद आणि आईची मालिकाही बंद. आपण बिडी ओढत पोराला 'बिडी वाईट' म्हणालो तर पोरगे ऐकेल का?

सगळ्या गावांना असे जमणार नाही. आमच्या गावात दोन पार्ट्या आहेत. एकीने भोंगा वाजवला तर दुसरी मुद्दाम टी.व्ही. मोठा करील. पण घरापुरते जमते. ज्यांनी विहिरीचा प्रश्न काढला, त्या शेतकऱ्यांनी एक केले. रात्री नऊनंतर घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला. त्यांचाही. आठ दिवसांनी मी विचारले, "कसं काय चाललंय?" ते म्हणाले, "पोरगं झोपतंय, गुरुजी. मलाच झोप येईना झालीय."

पोराचा मोबाईल चोरून तपासावा का, असेही वर्गात विचारले. लहान पोराचा उघडपणे तपासावा, त्याला सांगून. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा चोरून तपासाल तर तो दुसरे खाते उघडेल आणि ते तुम्हाला सापडणार नाही. त्यापेक्षा त्यालाच म्हणा, "मला शिकव." मी नातीला म्हणालो, मला ब्लॉक करायला शिकव. तिने शिकवले. शिकवता शिकवता तिने आधी कोणाकोणाला ब्लॉक केले होते, तेही माझ्यापुढे आले. मी विचारले नव्हते.

आमच्या वर्गात एक बाई येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना 'अ' काढता येत नव्हता. त्यांचा मुलगा अकरावीत आहे. आईला वाचता येत नाही म्हणून तो स्टेटसला वाटेल ते लिहायचा आणि मोबाईल उघडाच टाकून जायचा. एके संध्याकाळी बाईंनी तो उचलला आणि एकेक अक्षर लावून वाचले. लिहिले होते, 'आता सगळ्याचा कंटाळा आला.' कंटाळा या शब्दाला त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. चुलीपुढे बसल्या, भाकरी थापायला घेतली. पोरगे जेवायला आले तेव्हा खाली बघूनच म्हणाल्या, "कंटाळा कशाचा आला रे तुला?"

पोरगे दचकले. "तुला वाचता येतं?"

"येतं थोडं थोडं."

मग ते सांगू लागले. वर्गातल्या पोरांनी त्याच्या काळ्या रंगावरून चित्र तयार केले होते आणि ते ग्रुपवर फिरवत होते. तो काही बोलला तेव्हा त्याला ग्रुपमधून काढून टाकले. महिनाभर तो शाळेत एकटा डबा खात होता. बाई सांगतात, त्या रात्री तीन भाकरी करपल्या.